नॉब फिरवायला दुसरा माणूस

दिवाळी संपून आठवडा झाला असेल. सोसायटीच्या डीपीवर काहीतरी काम चालू होतं, वीज सारखी जात-येत होती, आणि एकदा ती आली ती अशी आली की ट्यूब पांढरीफटक झाली, फ्रिज गुरगुरला आणि माझ्या स्टिरिओच्या रॅकमधून जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. ॲम्प्लिफायर वाचला, स्पीकर वाचले. मधला छोटा डबा गेला.

त्या डब्याला डॅक म्हणतात. हल्ली गाणं लॅपटॉपवरून लावा नाहीतर फोनवरून, ते आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. त्या आकड्यांचा परत आवाज करून तो ॲम्प्लिफायरच्या हवाली करायचा, एवढंच डॅकचं काम. लॅपटॉपच्या पोटातही एक असतो, पण स्पीकर चांगले असतील तर तो पुरत नाही.

मी शिरूरमध्ये एकटी राहते. लग्न केलं नाही. त्याची कारणं इथं महत्त्वाची नाहीत. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या क्वालिटी विभागात आहे. संध्याकाळी बसमधून उतरलं की भाजी, चहा, उद्याच्या डब्याची तयारी आणि मग गाणं. टीव्ही ठेवलेला नाही. डॅक जळाल्यावर पहिल्यांदा कळलं की माझं घर मुळात किती गप्प आहे. फ्रिज चालू होतो, बंद होतो. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवतं. आपण कढईत उलथनं फिरवतो त्याचा आवाज जरा जास्तच होतो, मग आपण ते हळू फिरवायला लागतो.

त्यामुळे नवा डॅक घेणं मी पुढे ढकललं नाही. कोणतीही वस्तू घेताना मी तक्ता करते. मिक्सर घेतला तेव्हाही केला होता. वीज कुठून घेतो, मागे जोडण्या किती, गॅरंटी किती, बिघडला तर दुरुस्त कुठे होतो, पुण्याला जावं लागेल की कुरिअरने भागेल. बरीच नावं खोडून शेवटी दोन उरली. एक साधा, काळा, हाताच्या पंजाएवढा. दुसरा त्याच्यापेक्षा बराच महाग, रुपेरी, आणि त्याच्याबद्दल लोकांनी भरभरून लिहिलेलं: वरचे सूर मोकळे होतात, सतारीची जवारी, तारांतला तो झणकार, वेगळी दिसते, झांज वाजून गेल्यावरही हवेत राहते. पुण्यातला दुकानदार मला जुना ओळखतो. तो म्हणाला, मॅडम, दोन्ही घेऊन जा, ऐका, नको तो परत आणा. तक्त्यात सगळ्या रकान्यांत दोघे जवळपास सारखेच होते. एकच रकाना रिकामा होता: आवाज.

दोन्ही डबे ॲम्प्लिफायरला जोडले, एक नंबरला काळा, दोन नंबरला रुपेरी. पुढचा नॉब फिरवला की एक जातो, दुसरा येतो. फोनवरच्या मीटरने दोघांच्या आवाजाची पातळी सारखी करून घेतली, कारण जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. मग ऐकायला बसले. तीन संध्याकाळ ऐकलं. मला काहीच फरक कळला नाही.

इतर कुणी असतं तर म्हणालं असतं, फरक नसेलच, स्वस्तातला ठेव आणि मोकळी हो. मला तसं म्हणता येईना. त्याचं कारण कंपनीत होतं.

आमच्याकडे छोटे गिअरबॉक्स बनतात. जोडणी झाल्यावर प्रत्येक नग नॉईज रूममध्ये येतो. भिंतींना स्पंज, जाड दार, मध्ये एक स्टँड आणि एक खुर्ची. नग फिरवायचा, ऐकायचं, पास की फेल ते सांगायचं. त्या खुर्चीवर मी इतकी वर्षं आहे की नवीन लोक त्या खोलीला माझ्याच नावाने ओळखतात. कान झाकून ते काम होत नाही, त्यामुळे कान कधी झाकले नाहीत. दिवाळीच्या आधी कस्टमरकडून एक नग परत आला. शिट्टी मारतो, अशी तक्रार. मी पास केलेला होता. परत स्टँडवर चढवला, ऐकला, आणि मला शिट्टी ऐकू आली नाही. आवाजाचा आलेख काढणाऱ्या नव्या मशीनच्या पडद्यावर मात्र वरच्या सुरांपाशी एक रेघ सरळ उभी होती. मॅनेजर म्हणाले, एखादा नग निसटतोच, एवढं मनाला लावून घेऊ नका. कुणी मला एका शब्दाने बोललं नाही. पण त्या रेघेपाशी काय वाजत होतं ते मला अजून माहीत नव्हतं.

तर घरातल्या दोन डब्यांनी माझ्यापुढे हा प्रश्न मांडून ठेवला होता. फरक डब्यांत नाही, की माझ्या कानात राहिलेला नाही?

हे ठरवायची रीत मला पाठ आहे, कारण ती मीच इतरांना शिकवते. तपासणाऱ्याला आपल्या हातात कोणता नग आहे ते कळता कामा नये. दुसऱ्याने नग द्यायचा, तोंडाने किंवा चेहऱ्याने काही कळू द्यायचं नाही, आणि नोंद त्याने ठेवायची. म्हणजे नॉब फिरवायला दुसरा माणूस पाहिजे. आणि घरात दुसरा माणूस नव्हता.

एकट्याने होत नाहीत अशी कामं एकटीने करायच्या युक्त्या माझ्याकडे भरपूर आहेत. डबल चादरीची घडी घालायची तर दोन टोकं दाराच्या कडीला अडकवायची. गळ्यातल्या साखळीची कडी पुढे आणून लावायची, मग साखळी फिरवायची. पाठीला बाम लावायचा तर तो उलथन्याला बांधलेल्या फडक्यावर घ्यायचा. कपाट सरकवायचं तर त्याच्या पायांखाली जुनी सतरंजी. या कामाला मात्र युक्ती सापडेना. आपणच नॉब फिरवायचा आणि आपल्याला ते ठाऊक असू नये, हे कसं जमवणार?

समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींना विचारलं. त्या हौसेने आल्या. नॉब फिरवताना प्रत्येक वेळी म्हणायच्या, आता बघा हं, आणि रुपेरी डबा लागला की त्यांच्या आवाजात कौतुक यायचं, कारण तो त्यांना दिसायला आवडला होता. दोन-तीनदा फिरवून त्या खुर्चीवर बसल्या, घरभर पाहिलं आणि म्हणाल्या, एवढ्या घरात एकट्या कशा हो राहता, मला तर भीती वाटते. मग त्यांच्याकडे पाण्याचा टँकर आला म्हणून गेल्या. त्या गेल्यावर मी खुर्ची परत भिंतीला लावली. त्या खुर्चीवर त्यांच्याआधी कोण बसलं होतं, ते आठवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मग मला दौंडचे दाजी आठवले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रेल्वेत लोको पायलट होते, आता रिटायर. ताई जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा परदेशात आहे, अधूनमधून फोन करतो. मी वर्षश्राद्धाला जाते, जेवते आणि उजेड असतानाच परत निघते. एकटी बाई आणि एकटा पुरुष, नात्यातल्या लोकांना बोलायला तेवढं पुरतं. ताईच्या तेराव्यालाच एका मावशीने, आता तूच बघ त्याचं, असं सगळ्यांसमोर म्हणून माझं तिथलं जाणं अवघड करून ठेवलं होतं. पण तासन्तास एका जागी बसून, डोकं ठिकाणावर ठेवून, सांगितलं तेवढंच करणारा माणूस माझ्या ओळखीत एकच होता. फोन केला, काय हवंय ते सांगितलं. ते म्हणाले, "आण. नॉबच फिरवायचाय ना? जल्म त्यातच गेलाय."

रविवारी सकाळी स्पीकर गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर पट्ट्याने बांधले, ॲम्प्लिफायर आणि दोन्ही डबे पुढे ठेवले आणि निघाले. न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या गाड्या लागल्या. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर असे कर्णे लावलेले की गाडी ओलांडताना माझ्या काचा थरथरायच्या. मांडवगण फराट्यापर्यंत तशाच एका गाडीच्या मागे होते. त्या गाण्यातल्या वरच्या पट्टीतलं मला काय ऐकू येतंय आणि काय नाही, हे मी तपासत होते. मग लक्षात आलं की हल्ली मी सगळंच तपासत असते, पक्षी, ब्रेक, चमच्यांचा आवाज. कुठेच उत्तर मिळत नव्हतं. जे ऐकू येत नाही ते येत नाही, हे आपलं आपल्याला कसं कळणार? एक पेनड्राइव्ह पर्समध्ये होता. त्यात परत आलेल्या त्या गिअरबॉक्सचा आवाज भरून घेतलेला होता. तो लावायचा की नाही ते मी ठरवलं नव्हतं.

दाजींचं घर रुळांपासून दोन गल्ल्या आत आहे. मी गाडी लावत असतानाच ते बाहेर आले आणि म्हणाले, "गेट उघडलं."

मी म्हणाले, हो, दिसलं.

मला वाटलं ते माझ्याशी बोलले. आत आल्यावर त्यांनी चहा ठेवला. "गॅस चालू." दूध ओतलं, उकळी आली. "गॅस बंद." प्रत्येक वेळी बोलून झाल्यावर ते किंचित थांबत, आणि मग पुढचं काम करत. तेव्हा मला ताईचं आठवलं. लग्न झाल्यावर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ती हसून सांगत होती की आमच्याकडे दार लावलं तरी जाहीर होतं. इंजिनात दोघं असतात. पुढचा सिग्नल दिसला की एकाने त्याचा रंग मोठ्याने बोलायचा आणि दुसऱ्याने स्वतः बघून तोच परत बोलायचा. दुसऱ्याचं उत्तर आल्याशिवाय पहिल्याने ते खरं धरायचं नाही. दाजींनी ती सवय घरात आणली आणि ताईने आधी चेष्टा केली, मग तिला कळायच्या आत तीही उत्तर द्यायला लागली. गॅस बंद, ते म्हणायचे. आतून ती, गॅस बंद. आता दाजी म्हणत होते आणि थांबत होते.

मी चहाचा कप घेतला आणि काही बोलले नाही. त्या क्षणी उत्तर देणं मला ताईची जागा घेतल्यासारखं वाटलं.

पुढच्या खोलीत मांडणी केली. स्पीकर समोर, माझी खुर्ची मध्ये, आणि ॲम्प्लिफायर माझ्या पाठीमागे स्टुलावर, म्हणजे मला नॉब दिसायला नको. दाजींना समजावलं. प्रत्येक फेरीला तुम्ही मनाने ठरवायचं, एक की दोन. बदलायचा नसेल तरी नॉब तिकडे नेऊन परत आणायचा, म्हणजे खटका सारखाच ऐकू येईल. कागदावर लिहून ठेवायचं. मी माझ्या कागदावर लिहीन. शेवटी दोन्ही कागद जुळवू.

"आन् तुला सांगायचं न्हाई."

"अजिबात नाही."

सतार लावली. मागे खटका झाला आणि दाजी खणखणीत आवाजात म्हणाले, "दोन नंबर लागला."

मी वळून पाहिलं. त्यांनाच धक्का बसला होता.

"बोललो व्हय?"

"बोललात."

"ऱ्हायलं. परत."

पुढच्या खेपेला ते पुटपुटले. त्याच्या पुढच्या खेपेला त्यांनी तोंडावर हात धरला, पण मग नॉब फिरवायला एकच हात उरला आणि कागद उडाला. मी हसायला लागले. ते चिडले नाहीत, पण हसलेही नाहीत. खरोखर अडचणीत सापडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. शेवटी स्वयंपाकघरात गेले, तोंडात पाण्याचा घोट भरून आले आणि मला खुणेने सांगितलं, चालू कर. एक फेरी बिनबोभाट झाली. दुसऱ्या फेरीला खटका झाला आणि मागून घुसमटल्यासारखा आवाज आला. वळले तर दाजी खोकत होते आणि पाणी त्यांच्या सदऱ्यावर सांडलं होतं. सुदैवाने ॲम्प्लिफायरवर नाही.

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं. "इन्स्पेक्टरीणबाई, तुला गंमत वाटती. पर माझा हात न बोलता चालतच न्हाई. गाडीवर गप बसून हात हलवला का माणसं मरत्यात."

मी विचार केला. चूक त्यांची नव्हती, रीत मी बरोबर मांडली नव्हती. माणसाची सवय मोडायला जाण्यापेक्षा तिला रीतीत जागा करून द्यावी. मी म्हणाले, तुम्ही बोला, पण नंबर बोलू नका. नॉब कसाही फिरवा, बदला नाहीतर बदलू नका, दर वेळी एकच शब्द बोलायचा: फिरवलं.

ते जरा घुटमळले. "आन् तू?"

तेव्हा मला कळलं की त्यांना काय विचारायचंय. "मी पण तेच म्हणेन," मी म्हणाले.

मग जमलं. मागून खटका, "फिरवलं." मी समोर बघत, "फिरवलं." सतार, झांज, तबला, परत सतार. दाजींच्या आवाजात जान आली. मधून एक लांबलचक मालगाडी गेली तेव्हा आम्ही थांबलो, ती जाईपर्यंत ते मान डोलवत डबे मोजत असावेत, आणि परत सुरू केलं. किती वर्षांनी मी एका खोलीत दुसऱ्या कुणाबरोबर बसून गाणं ऐकत होते! ते नीट ऐकतही नव्हते, त्यांचं लक्ष नॉबवर होतं. तरी पाठीमागे कुणी आहे म्हटल्यावर सतार मला जरा बरी वाटत होती, आणि हे तक्त्यात कुठे लिहायचं ते मला माहीत नव्हतं.

कागद जुळवले. माझी निम्मी उत्तरं बरोबर होती, निम्मी चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती.

"मंग? पास का फेल?" दाजी म्हणाले.

मी त्यांना सांगून टाकलं. गिअरबॉक्स, कस्टमर, पडद्यावरची रेघ, सगळं. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला जायचं तर कुणाकडे, हाही प्रश्नच होता. मी म्हणाले, निम्मी उत्तरं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. डबे सारखे असले तरी हेच येणार आणि माझा कान गेला असला तरी हेच येणार.

दाजींनी आपल्या कागदाची घडी केली. मग त्यांनी सांगितलं की रेल्वेत ठरावीक काळाने डोळे तपासतात आणि जो नापास होतो त्याला इंजिनावरून खाली उतरवतात. पगार असतो, काम असतं, पण शेडमध्ये. त्यांच्या बरोबरचे काही असे उतरले होते. "एकदा थंडीत मलाबी वाटलं, आपलं झालं. सिग्नल पुसट दिसाय लागला. जोडीदाराला इचारायला जीभ उचलंना. त्यानं तसंच दिसतंय म्हणलं तर ठीक, न्हाई म्हणला तर मी उतरलो खाली. तरी इचारलं."

"काय म्हणाला?"

"म्हणला, साहेब, धुकं हाय."

एवढं बोलून ते उठले आणि भात टाकायला आत गेले. मी खोलीत एकटी राहिले.

कंपनीत तपासणाऱ्यालाच तपासायचं असतं तेव्हा त्याच्यापुढे खात्रीचा खराब नग ठेवतात. तो त्याने पकडलाच पाहिजे. मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला, लॅपटॉपला लावला. काळा डबा तसाच राहू दिला. आतल्या माणसाला काही सांगितलं नाही, आणि त्या परत आलेल्या गिअरबॉक्सचा आवाज लावला.

गिअरच्या दातांची घरघर मला ऐकू आली. खालचा जाड गुरगुराट ऐकू आला, मोटरचा हेलकावा ऐकू आला. सगळं नीट, ओळखीचं, चांगल्या नगासारखं. मी डोळे मिटून शिट्टी शोधत राहिले.

आतून दाजींनी हाक मारली. "काय गं, कुकर लावलास का तू? रिंग गेलीया वाटतं त्याची. शिट्टीवानी सूं सूं चाललंय."

कुकर लावलेला नव्हता. भात पातेल्यात होता.

मी आवाज बंद केला. आतून दाजी म्हणाले, "हां, आता थांबलं."

परत लावला. "परत लागलं बघ." बंद केला. ते पळी हातात घेऊन दारात आले, माझ्याकडे बघितलं, लॅपटॉपकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. मी तिसऱ्यांदा लावला आणि त्यांनी नुसती पळी वर केली. बंद केला, पळी खाली. त्यांना काही समजवावं लागलं नाही. माझ्या लेखी तेवढी तपासणी पुरेशी होती.

"धुकं न्हाई," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मला धीर दिला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. भात झाल्यावर त्यांनी पातेलं उतरवलं आणि "गॅस बंद" म्हणाले. मी ताटं घेत होते. "गॅस बंद," मी म्हणाले. आम्ही जेवलो. पिठलं जरा खारट होतं, ते त्यांनी दोनदा कबूल केलं. निघताना ते स्पीकर गोधडीत गुंडाळत होते आणि मी वायरी गुंडाळत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, कंपनीत सांगणार का. मी म्हणाले, उद्याच. ते म्हणाले, कुणी इचारायच्या आधी सांग, म्हंजी आपल्या पायानं उतरल्यासारखं होतंय.

येताना रस्ता मोकळा होता. गाडीत मी काही लावलं नाही.

सोमवारी पहिली पाळी सुरू व्हायच्या आधी मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. ते म्हणाले, मॅडम, आता मशीन आहे ना, तुम्ही नुसत्या बसा, लोकांना तुमच्या सहीचा विश्वास आहे. मी म्हणाले, मला जे ऐकू येत नाही त्यावर मी सही कशी करू? मला आवक तपासणीत टाका, तिथे मायक्रोमीटरने मोजायचं असतं, डोळे चांगले आहेत, असं मीच सुचवलं. नॉईज रूममधून माझी पाण्याची बाटली, स्वेटर आणि खुर्चीवरची उशी घेऊन बाहेर आले. दार जाड आहे. ते लागलं की आतला आवाज एकदम तुटतो. कानाच्या डॉक्टरांकडे पुढे गेलेच. त्यांनी आलेख दाखवला, वरच्या सुरांपाशी तो घसरगुंडीसारखा खाली गेलेला. सोबत कोण आलंय, त्यांनी विचारलं; कुणी नाही म्हटल्यावर तेच परत मलाच सावकाश समजावलं.

रुपेरी डॅक दुकानदाराला परत केला. जे मला ऐकू येणार नाही त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नव्हता. काळा ठेवला. तक्त्यातला रिकामा रकाना तसाच ठेवून तो कागद रद्दीत टाकला.

पुण्याहून परत आले त्या संध्याकाळी डॅक जागेवर बसवला, वायरी मागच्या बाजूने बांधून घेतल्या, सतार लावली. चांगली वाजत होती. मला ऐकू येते तेवढी चांगली वाजत होती. पण आता ती पूर्ण नाही हे मला ठाऊक होतं. माझ्याच खोलीत, माझ्याच स्पीकरमधून वरच्या पट्टीत काहीतरी वाजत होतं आणि ते ऐकायला तिथे कुणी नव्हतं. खुर्चीवर बसवेना. उठून दाजींना फोन केला. कंपनीत सांगितलं, खाली उतरले, असं सांगितलं. ते म्हणाले, बरं केलंस. मग मी फोनचा आवाज मोठ्यावर टाकून तो स्पीकरजवळ धरला.

थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. "गाणं हाय व्हय? कसं गं येतंय हे. दबल्यावानी. त्या दिवशी लख्ख वाजत हुतं."

फोनमधून वरचे सूर जात नाहीत. ते वाटेतच गळतात, खालचे आणि मधले तेवढे पोचतात. डबा कुठलाही असो, दौंडला पोचणार होतं ते एवढंच.

"मला तसंच ऐकू येतं, दाजी," मी म्हणाले.

मला वाटलं फोन कट झाला म्हणून कानाला लावून पाहिला. तिकडे त्यांचा पंखा फिरत होता. मी फोन परत स्पीकरपाशी नेला आणि सतार संपेपर्यंत हात तिथेच धरून उभी राहिले.